'स्पिरिट' दिसलं की आधी शेवटचा 'स' बघा

नागपूरच्या महाल भागात दहावीच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवते. एकदा 'ग्रँडफादर वॉज इन हाय स्पिरिट्स'चं भाषांतर आलं: 'आजोबा खूप प्यायले होते.' अरे बाप्पा! आजोबा नुसते खुशीत होते.

म्हणून 'स्पिरिट' दिसलं की आधी शेवटी 'स' आहे का बघा. नसेल, तर बहुतेक वेळा दारूचा संबंध नाही: टीम स्पिरिट म्हणजे संघभावना, होली स्पिरिट म्हणजे पवित्र आत्मा. मूळ लॅटिन 'स्पिरिटस', म्हणजे श्वास. त्यातूनच प्राण, आत्मा, भूत हे अर्थ आले.

'स' असेल, तर मागचे शब्द वाचा. 'इन हाय स्पिरिट्स' म्हणजे आनंदात, 'लो' असेल तर उदास. दुकानाच्या पाटीवर 'वाइन्स अँड स्पिरिट्स' असेल, तर ती दारूच. पण कोणतीही नाही, फक्त गाळलेली. आंबवलेला द्रव तापवायचा, वाफ थंड करून थेंब गोळा करायचे. व्हिस्की, रम, व्होडका या स्पिरिट्स. बिअर, वाइन नुसत्या आंबवलेल्या, म्हणून त्या नाहीत. आपल्या विदर्भातली मोहाची मात्र भट्टीवर गाळतात, म्हणजे तीही स्पिरिटच. हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पोट्टे एकदम जागे होतात.

प्रयोगशाळेतल्या दिव्यातलं स्पिरिट वेगळं. त्यात विषारी मिथेनॉल मिसळलेलं असतं, प्यायलं तर डोळे जातात, जीवही जातो.