ड्रोन सर्व्हेत ‘फिक्स’ मिळाला, तरी नकाशा सरकलेला? या चुका टाळा

पीपीके म्हणजे ड्रोनच्या आणि बेसच्या (जमिनीवरच्या स्थिर रिसीव्हरच्या) उपग्रह नोंदी उड्डाणानंतर जोडून अचूक जागा काढणं. त्याच्या अहवालात जवळपास सगळीकडे ‘फिक्स’, म्हणजे सेंटिमीटरभर अचूक जागा ठरल्याची खूण असते, तरी चेक पॉइंटवर (पडताळणीसाठी जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणेवर) अर्धा-एक मीटर फरक निघतो. फिक्स एवढंच सांगतो, की बेसपासून ड्रोनवरचा अँटेना किती अंतरावर, कुठे होता. शटर उघडलं तेव्हा कॅमेरा कुठे होता आणि बेस स्वतः खऱ्या जागी होता का, याची हमी त्यात नसते.

सर्वात जास्त घोळ वेळेचा. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल आणि नोंद ५० मिलिसेकंद चुकली, तर फोटोची जागा अर्धा मीटर चुकते. सेकंदाला ७० मीटर जाणाऱ्या विमानात हीच चूक साडेतीन मीटरची होते. म्हणून कॅमेऱ्याला पाठवलेला ट्रिगरचा सिग्नल नोंदवू नका. शटर प्रत्यक्ष उघडल्याची खूण हॉट शूमधून (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेतून) घेऊन रिसीव्हरच्या इव्हेंट इनपुटला द्या; तिथे प्रत्येक खुणेची नेमकी वेळ ‘इव्हेंट’ म्हणून नोंदली जाते. एक्झिफमधली (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली) वेळ या कामाला फार ढोबळ. ही चूक लपते कशी? जाणाऱ्या पट्टीत (ड्रोनच्या एका सरळ फेरीत) ती पुढे ढकलते, येणाऱ्या पट्टीत मागे, आणि सरासरी शून्याजवळ दिसते. त्यामुळे फोटोंच्या जागेतले फरक पट्टीनिहाय, उड्डाणाच्या दिशेने तपासा.

जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे असते. दोन्हींची सरमिसळ झाली तर सेकंदाला १० मीटर वेगाला १८० मीटरची चूक होते. ही चूक निदान लगेच दिसते. फोटो आणि इव्हेंट यांची संख्या जुळत नसेल तर मात्र शेवटून एक ओळ उडवून मोकळे होऊ नका. नोंदींमधली अंतरं फोटोंच्या वेळेशी ताडा. बहुतेकदा जमिनीवर काढलेला चाचणीचा फोटो निघतो. मधली एक नोंद गळली असेल, तर तिथून पुढच्या प्रत्येक फोटोला शेजाऱ्याची जागा मिळते.

अँटेना ते कॅमेरा हे अंतरही एकदाच वजा करा. फँटम ४ आरटीके या ड्रोनच्या एमआरके फाइलमध्ये (फोटोंच्या वेळा आणि जागांच्या नोंदीत) ते प्रत्येक फोटोसाठी मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये ते पुन्हा भरलं, की उंची तेवढीच उलटी चुकते.

अख्खा नकाशा एकाच दिशेला सारखा सरकला असेल, तर संशय बेसवर घ्या. रिसीव्हरने स्वतः काढलेल्या सरासरी जागेवर भिस्त ठेवली, तर मीटर-दोन मीटरची चूक सगळ्या फोटोंत उतरते आणि दर दिवशी वेगळी असते. बेसवर किमान दोन तास स्थिर निरीक्षण घ्या, ते सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनशी (कायम चालू असलेल्या, जागा नेमकी माहीत असलेल्या रिसीव्हरशी) जोडा आणि रोज तेच निर्देशांक वापरा. हे निरीक्षण सूर्यास्तानंतरवर ढकलू नका. आपल्या अक्षांशांवर तेव्हा आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अस्थिर असतं आणि सिग्नल तुटतात. अँटेनाची उंची बुडापर्यंत मोजली की फेज सेंटरपर्यंत (अँटेनात सिग्नल टिपला जातो त्या बिंदूपर्यंत), हेही वहीत लिहा.

उंचीत ५० मीटरांहून जास्त तफावत आली तर यंत्र बिघडलेलं नाही. उपग्रह एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची उंची देतात. मुंबईच्या किनाऱ्यावर ती चक्क उणे येते. समुद्रसपाटीपासूनची उंची हवी असेल तर जिऑइड मॉडेल (या दोन उंचींमधला फरक देणारा तक्ता) लावा, तेही बेस आणि कंट्रोल पॉइंट (नकाशा जागेवर बसवण्यासाठी मोजलेली खूण) दोन्हींना एकच. झोनचंही बघा. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात: पुणे झोन ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये.

एवढं करूनही फक्त उंची १०-२० सेंटिमीटर सारखी चुकत असेल, तर कॅमेऱ्याची फोकल लेंथ (भिंगाचं नाभीय अंतर) तपासा. सपाट भागावर एकाच उंचीवरून, सरळ खाली बघत घेतलेल्या फोटोंत सॉफ्टवेअरला ती उंचीपासून वेगळी काढता येत नाही. वेगळ्या उंचीवरून एक-दोन आडव्या पट्ट्या उडवा, किंवा एखादा कंट्रोल पॉइंट द्या. तो चेक पॉइंटमध्ये पुन्हा मोजू नका.