एसएस (स्टेनलेस स्टील) पाईपच्या टेस्टिंगला नवीन लागलेल्या पोरांसाठी

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. आयटीआय करून बुटीबोरीकडं पाईप टेस्टिंगला लागलो तेव्हा मला वाटायचं हायड्रो (पाईपात पाणी भरून, दाब देऊन लिकेज पाहायची टेस्ट) पास झाला म्हणजे पाईप पास. तसं नाहीये भाऊ, म्हणून लिहून राहिलो.

हायड्रोचं प्रेशर कुठून येते ते आधी समजून घ्या. दोन इंची, शेड्यूल १०एस (जाडीचा वर्ग), ३०४ (स्टेनलेसचा ग्रेड) चा पाईप, बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, जाडी २.७७. यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) २०५ एमपीए, त्याच्या अर्ध्याला जाडीनं गुणायचं, दुप्पट करायची अन् व्यासानं भागायचं, येते ९.४ एमपीए म्हणजे ९४ बार. कमीत कमी ५ सेकंद धरायचं असते पण तेवढ्यात सगळी सीम (लांबीभरचा वेल्ड) नजरेखालून जात नाही, मी पूर्ण पाहून होईस्तोवर धरतो. आतली हवा मात्र आधी पूर्ण काढा, हवा दबलेली असताना काही सुटलं तर जिवावर बेतते.

पण हायड्रो लिकेज सांगतो, वेल्डची खरी ताकद फ्लॅटनिंगमध्ये दिसते. रिंग कापून प्रेसमध्ये दाबायची, वेल्ड दाबाच्या दिशेपासून ९० अंशावर, म्हणजे बाजूला, कारण बाहेरून सगळ्यात जास्त ताण तिथं बसतो. केसाएवढी चीर दिसली तरी फेल.

आता मुद्द्याचं, पाणी. आधी एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथं बोअरच्या पाण्यानं हायड्रो घेतला, सगळे पाईप पास, अन् पाणी न झटकता तसेच आडवे रचून ठेवले. मे महिना होता. दहा-बारा दिवसांनी आत टॉर्च मारला तर तळाला, वेल्डच्या कडेनं मोहरीएवढे तांबडे ठिपके, पुसले तरी खाली खड्डा, नख अडकत होतं. पाणी उडून जाते पण क्लोराईड मागं राहते अन् घट्ट होत जाते, स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर तेच फोडते. आमच्या गावच्या माठावर पांढरं मीठ फुटते ते मी लहानपणापासून पाहिलेलं, तरी त्या दिवशी मला सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटते.

म्हणून पंप लावायच्या आधी पाण्याचं क्लोराईड मोजा, एसएससाठी बहुतेक ठिकाणी ५० पीपीएमची (दहा लाख भागात ५० भाग) मर्यादा धरतात, जास्त निघालं तर डीएम पाणी (क्षार काढलेलं) मागा, साहेब कुरकुरले तरी. टेस्ट झाली की त्याच दिवशी पाईप तिरपे करून निथळा, हवा मारून वाळवा, अन् तो पीपीएमचा आकडा प्रेशरच्या शेजारी रिपोर्टात लिहा.