गॅरेजमधल्या एअर लाइनचे पाइप कसे रंगवावेत

कंप्रेसरची दाबाची हवा नेणारे पाइप रंगवायचे म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: थिनरने पुसा, रेड ऑक्साइड या तांबड्या प्रायमरचा एक हात द्या, वर ऑइल पेंटचे दोन हात, झालं काम. काळ्या लोखंडी पाइपवर हे चालतं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपवर चालत नाही. तरीही हाच सल्ला डोळे झाकून दोन्हींसाठी दिला जातो. मी तो दोनदा ऐकला आणि दोनदा पस्तावलो, म्हणून हा लेख.

आधी पाइप कसला आहे ते बघा

रुपेरी करडा, अंगावर बर्फाच्या पाकळ्यांसारखी नक्षी किंवा एकसारखा मंद रंग, आणि लोहचुंबक चिकटतो: हा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला. काळपट, हाताला तेलकट लागणारा, चुंबक चिकटणारा: काळा पाइप. वजनाला हलका आणि चुंबक न धरणारा: ॲल्युमिनियम. तांबं ओळखायला कोणाला शिकवायला नको.

पाइप पीव्हीसीचा असेल तर रंगवू नका, काढून टाका. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पाण्याचा पाइप फुटला तर गळतो आणि हवेचा फुटला तर त्याचे टोकदार तुकडे खोलीभर उडतात.

रंग निळाच घ्या. अमेरिकेच्या एएसएमई ए१३.१ मानकात दाबाच्या हवेला निळ्यावर पांढरी अक्षरं आहेत, ब्रिटिश बीएस १७१० मध्ये फिकट निळा, भारतीय आयएस २३७९ मध्ये आकाशी. घरच्या गॅरेजला हे नियम लागू नसतात, पण उद्या दुसरं कोणी तिथे ड्रिल घेऊन उभं राहिलं तर भिंतीवरच्या पाइपात काय आहे ते त्याला विचारावं लागू नये.

जोडून रंगवायचे की रंगवून जोडायचे?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. भिंतीवर बसवलेल्या पाइपची मागची बाजू नीट रंगवता येत नाही, ब्रशने नाही आणि स्प्रेनेही नाही. उलट आधी पूर्ण रंगवून घेतले तर पाइप पान्ह्याचे दात रंग ओरबाडून काढतात. मी मधला मार्ग घेतो: प्रायमर आणि पहिला हात घोडीवर, आट्यांना मास्किंग टेप गुंडाळून. मग जोडणी, मग गळतीची तपासणी, आणि शेवटचा हात भिंतीवर.

गळतीची तपासणी शेवटच्या हाताआधीच. लाइनमध्ये हवा भरा, प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे बघा. सुईच्या टोकाएवढं भोक रंगाने काही दिवस बुजतं, पण तिथे पुढे फोड येतो आणि गळती होती तिथेच राहते. तपासून झालं की साबण साध्या पाण्याने धुऊन काढा.

लाइन जुनी, आधीपासून बसवलेली असेल तर आधी कंप्रेसर बंद, प्लग बाहेर, लाइनमधली हवा पूर्ण सोडून दिलेली आणि ड्रेन कॉकमधून पाणी काढलेलं. मग हात लावा.

खरी अडचण: जस्त

पहिल्यांदा मी जीआय लाइन ऑइल पेंटने रंगवली तेव्हा ती आरशासारखी चकचकीत दिसत होती. काही महिन्यांनी एक क्लॅम्प सरकवला आणि त्याखालचा रंग साप कात टाकतो तसा अखंड नळीसारखा निघून हातात आला. आतल्या बाजूला बोट लावलं तर बुळबुळीत. मला वाटलं, घासलं कमी. दुसऱ्यांदा तारेच्या ब्रशची चकती लावून जोर काढला. रंग तर सुटलाच, शिवाय जिथे जस्त खरवडलं गेलं तिथे तांबूस गंज फुटला. पाइप रंगवण्याआधी बरा होता म्हणायची वेळ आली.

झालं होतं ते असं. ऑइल पेंट आणि नेहमीचा रेड ऑक्साइड दोन्ही अल्किड जातीचे, म्हणजे त्यांच्या राळेत तेलातली मेदाम्लं असतात. जस्ताचा पृष्ठभाग ओलाव्यात अल्कधर्मी होतो, त्या राळेला फोडतो आणि मेदाम्लांशी जुळून जस्ताचा साबण तयार करतो. अक्षरशः साबण, रंगाच्या खाली. साबणावर रंग टिकेल कसा? महागाचा ऑइल पेंट घेतला म्हणून यात फरक पडत नाही. दोष रंगाच्या दर्जात नाही, जातीत आहे.

म्हणून जीआयवर अल्किड काहीच नको. ना प्रायमर, ना वरचा रंग. डब्यावर ‘गॅल्व्हनाइज्ड पृष्ठभागासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं पाण्याचं ॲक्रिलिक, किंवा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूवर पकड धरणारा आम्ल असलेला प्रायमर, आणि त्यावर ॲक्रिलिक, यातलं एक निवडा. हार्डनर मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमरही उत्तम, पण तो एच प्रायमरवर चढवू नका. एच प्रायमरमधलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला नीट काम करू देत नाही. दोन चांगल्या गोष्टी एकावर एक दिल्या म्हणून दुप्पट चांगलं होत नाही.

आता स्वच्छता. नव्या पाइपवर तेलाचा हात असतो, शिवाय पांढरे डाग पडू नयेत म्हणून कारखान्यात दिलेला पातळ थरही असू शकतो. थिनरची एकच चिंधी शेवटपर्यंत फिरवली तर तेल निघत नाही, नुसतं पसरतं. मी आधी भांड्यांचं लिक्विड सोप आणि गरम पाणी घेतो, नायलॉनच्या स्क्रबरने घासतो, भरपूर पाण्याने धुतो. स्टीलची घासणी वापरू नका, तिचे तुकडे जस्तात रुततात आणि गंजतात. पाइपवर पांढरी भुकटी दिसली तर ती जस्ताचा गंज आहे, ती कडक नायलॉन ब्रशने पूर्ण काढा. भुकटीवर मारलेला रंग भुकटीलाच चिकटतो.

स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. धुतलेल्या पाइपवर पाणी ओता. ते सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर पास. जागोजागी थेंब होऊन आकसलं तर तिथे अजून तेल आहे, परत धुवा. यानंतर उघड्या हाताने पाइप धरायचा नाही. बोटांचं तेल पुरतं.

वाळल्यावर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासा. पाइप मंद दिसला की थांबा, जस्ताच्या खाली जायचं नाही. धूळ ओलसर फडक्याने पुसा आणि पाइप सुकू द्या.

या टप्प्यावर दोन सल्ले हमखास कानावर येतील. एक: मुरिएटिक ॲसिडने धुवा. म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते जस्तच खातं आणि मागे क्लोराइड ठेवून जातं, म्हणजे रंगाखाली गंजाचं बी पेरल्यासारखं. दुसरा: सहा महिने तसाच ठेवा, जस्त आपोआप मुरतं. उघड्यावर, पावसापाण्यात ते मुरतं, पण छपराखालच्या गॅरेजमध्ये पाइपवर नुसती धूळ आणि तेल बसतं. व्हिनेगरने पुसायलाही सांगतात. त्याने थोडं मंद होतं, नुकसान नाही, मात्र धुऊन काढायला विसरू नका.

एच प्रायमर पातळ द्यायचा असतो, इतका पातळ की खालचा धातू अंधुक दिसत राहावा. जाड थर दिला की तोच पुढे पोपड्यासारखा सुटतो. माझ्या हाताला हे पटायला वेळ लागला, कारण आपल्याला झाकलं की समाधान मिळतं.

आणि पूर्ण लाइनला हात लावण्याआधी पाइपच्या कापलेल्या तुकड्यावर सगळी कृती करून बघा. आठवड्याने त्यावर धारदार ब्लेडने ६ उभ्या आणि ६ आडव्या रेघा मारा, २५ चौकोन होतील. वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटकन ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे चला.

काळ्या पाइपचं थोडक्यात: तेल काढा, गंज घासा, रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट. ॲल्युमिनियमला जीआयसारखंच. तांब्याला रंगाची गरज नाही, ओळखीपुरते निळे पट्टे द्या.

टेप कुठे लावायचा

आटे, युनियनच्या (उघडता येणाऱ्या सांध्याच्या) बसणाऱ्या कडा, व्हॉल्व्हचे दांडे, गेजची काच, टाकीवरची माहितीची पट्टी. सेफ्टी व्हॉल्व्हला रंगाचा एक थेंबही लागता कामा नये, तो अडकला तर टाकीतला दाब मोकळा व्हायला वाट राहत नाही.

हवा गाळणाऱ्या आणि दाब ठरवणाऱ्या फिल्टर-रेग्युलेटरची पारदर्शक वाटी बहुतेकदा पॉलिकार्बोनेटची असते. थिनर किंवा ॲसिटोनने ती आतून तडकते, वरून काही दिसत नाही, आणि मग दाबाखाली फुटते. ती नुसती झाकू नका, काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. थिनरच्या चिंधीने तर मुळीच पुसू नका.

कंप्रेसरच्या डोक्यापासून टाकीपर्यंतची नळी रंगवायची नाही. ती चालू असताना चटका बसण्याइतकी तापते, साधा रंग तिथे करपतो.

रंग देणं

सोपा भाग. दार-खिडक्या उघड्या, कंप्रेसर बंदच. त्याच्या प्रेशर स्विचमध्ये ठिणगी पडते आणि हवेत थिनरची वाफ असते. शिवाय चालू कंप्रेसर उडालेला रंग फिल्टरमध्ये ओढून घेतो. हार्डनरवाला टू-के पॉलियुरेथेन घरी स्प्रे करू नका, त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासमोर साधा मास्क पुरत नाही.

पाइपचा पृष्ठभाग दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या, किमान ३ अंश सेल्सिअस वर हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पाइपला घाम आलेला दिसतोय तर त्या दिवशी सुट्टी.

स्प्रे कॅन असेल तर २५ ते ३० सेंटिमीटरवरून, पातळ तीन हात. गोल पाइपवर जाड हात दिला की खालच्या बाजूला थेंब लोंबतात. दुसऱ्या हाताची वेळ कॅनवर असते, ती पाळा. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुढचा हात पडला की सुरकुत्या येतात. भिंतीवरच्या पाइपला मला स्प्रेपेक्षा लोकरी हातमोजा आवडतो: रंगात बुडवायचा, पिळायचा, पाइप मुठीत धरून ओढत न्यायचा. मागची बाजूही होते आणि भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत. आत रबरी मोजा घाला.

टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी काढा, नाहीतर कडा दातेरी निघतात. क्लॅम्प दोन दिवसांनी आवळा, आणि हवेच्या दिशेचे पांढरे बाण प्रत्येक टीच्या (तीन तोंडांच्या सांध्याच्या) आधी काढा.