पर्यावरणशास्त्राच्या मूलभूत संज्ञा उजनी जलाशयाच्या आधारे कशा शिकाव्यात

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण अभ्यास हा विषय पुढे पदवीच्या सर्वच शाखांसाठी सक्तीचा झाला. त्यामुळे विज्ञानाशी संबंध सुटलेल्या कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही परिसंस्था, पोषण पातळी, सुपोषण, जैविक विशालन अशा संज्ञा एकदम समोर येतात. बहुतेक जण त्यांच्या व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यात दोष विद्यार्थ्यांचा नसून सुट्या व्याख्या शिकण्याच्या पद्धतीचा आहे. या शास्त्रातील जवळजवळ प्रत्येक संज्ञा तीन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर असते: आपण सीमा कोठे आखली आहे, त्या सीमेच्या आत कशाचा किती साठा आहे, आणि आत येणारा व बाहेर जाणारा प्रवाह किती काळात किती आहे. संज्ञा वाचताच हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर व्याख्या स्वतःच्या शब्दांत मांडता येते.

ही सवय लावण्यासाठी एक खरी जागा निवडावी आणि सगळ्या संज्ञा तिच्यावरच घासून पाहाव्यात. येथे भीमा नदीवरील उजनी जलाशय घेतला आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेले हे धरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी त्याचे पाणी पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत पसरते. आपल्या गावाजवळचा पाझर तलाव किंवा नदीचा डोह घेतला तरी चालेल; मात्र पाठ्यपुस्तकातले काल्पनिक तळे घेऊ नये, कारण त्याला ना पाणलोट असतो ना सांडपाणी.

पहिले काम सीमा आखण्याचे आहे. कोऱ्या कागदावर जलाशय काढावा आणि त्याला पाणी देणाऱ्या नद्या दाखवाव्यात: भीमाशंकरला उगम पावणारी भीमा, तिला मिळणाऱ्या इंद्रायणी व घोड, आणि पुणे शहर ओलांडून येणारी मुळा-मुठा. ज्या भूभागावर पडलेले पाणी उताराने अखेर या जलाशयात येते, तो त्याचे पाणलोट क्षेत्र होय. पाणलोटाची सीमा जिल्ह्याच्या सीमेला जुमानत नाही, आणि म्हणूनच पुण्याचे सांडपाणी हा सोलापूरचा प्रश्न ठरतो. निसर्गाची ही सीमा माणूस बदलतोही. मुळशी धरणाचे पाणी मुळा नदीच्या नैसर्गिक दिशेने पूर्वेला न जाता वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात भिऱ्याकडे वळवले जाते. नकाशावर हा बाण काढला, की पाणलोट क्षेत्र आणि प्रत्यक्ष पाणीपुरवठा यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

पाणलोटाहून लहान सीमा आखली, म्हणजे केवळ जलाशय आणि त्याचा काठ घेतला, तर आपण परिसंस्थेकडे येतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये ही संकल्पना मांडली, तेव्हा सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक मिळून एक संस्था म्हणून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून कागदावर मासे, शैवाल, जीवाणू आणि पक्षी हे जैविक घटक लिहिताना पाण्याचे तापमान, गाळ, विरघळलेला ऑक्सिजन आणि सूर्यप्रकाश हे अजैविक घटकही त्याच चौकटीत लिहावेत. दोन वेगळ्या याद्या केल्या, तर संकल्पनेचा गाभाच हरवतो.

दुसरे काम साठा आणि प्रवाह वेगळे करण्याचे आहे, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. मराठी वृत्तपत्रे धरणातले पाणी टीएमसीमध्ये देतात आणि विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेले पाणी, क्युसेकमध्ये (दर सेकंदाला किती घनफूट) देतात. पहिला आकडा साठ्याचा आहे, दुसरा प्रवाहाचा. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लीटर पाणी. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील जवळपास ६३.६ टीएमसी मृत साठा (नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी) आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा (त्यावरचे, वापरासाठीचे पाणी) आहे. उन्हाळ्यात ‘उजनी उणे ५० टक्के’ अशी बातमी येते, तेव्हा ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या मापाने काढलेली असते. उपयुक्त साठा संपून त्याच्या निम्म्याइतके पाणी मृत साठ्यातून उचलले गेले, असा तिचा अर्थ आहे, आणि धरणात अजून सुमारे ३७ टीएमसी पाणी शिल्लक असते. हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. पाणी फार खाली गेल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, ते याच मृत साठ्याच्या काळात.

साठ्याला प्रवाहाने भागले की निवासकाल मिळतो, म्हणजे एखादा पदार्थ त्या साठ्यात सरासरी किती काळ राहतो, हे कळते. पुराच्या दिवसांत एक लाख क्युसेकचा विसर्ग चालू असेल, तर चोवीस तासांत सुमारे ८.६४ टीएमसी पाणी बाहेर पडते. त्या गतीने पूर्ण भरलेल्या जलाशयाइतके पाणी तेरा-चौदा दिवसांत बदलेल. आता समजा, साठा ६० टीएमसी आहे आणि केवळ तीन हजार क्युसेक पाणी सोडले जात आहे. मग तेच उत्तर २३० दिवसांच्या आसपास येते. पावसाळ्यात वाहून जाणारे प्रदूषक उन्हाळ्यात का साचतात, याचे कारण या भागाकारात आहे. ही एक संज्ञा नीट कळली, तर वातावरणातील हरितगृह वायूंचे प्रकरणही अर्धे कळले असे मी मानतो. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडची भर घातल्यावर तिचा काही भाग शतकानुशतके उरतो. म्हणूनच मिथेनची उष्णता धरण्याची क्षमता वस्तुमानाच्या तुलनेत शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट सांगितली जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. काळाची सीमा वेगळी आहे, इतकेच.

तिसरे काम ऊर्जेचे बाण आणि पदार्थांचे बाण दोन वेगळ्या रंगांत काढण्याचे आहे. ऊर्जेचा बाण एकाच दिशेने जातो. सूर्यप्रकाशाचा थोडा भाग शैवाल पकडते, शैवालावर प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) जगतात, त्यांच्यावर लहान मासे आणि माशांवर पाणकावळे. या प्रत्येक पायरीला पोषण पातळी म्हणतात. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या कामापासून रूढ झालेल्या ढोबळ नियमाप्रमाणे एका पातळीतील सुमारे दहा टक्के ऊर्जाच पुढच्या पातळीत पोहोचते. शैवालात १०,००० किलोकॅलरी असतील, तर पाणकावळ्यांपर्यंत १० उरतात. बाकीची ऊर्जा श्वसनातून उष्णता होऊन जाते किंवा न खाल्लेल्या अवशेषांतून विघटकांकडे वळते. दहा टक्के ही सरासरी आहे, निसर्गाने घालून दिलेली अट नव्हे, हे उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहावे. पदार्थांचे बाण मात्र फिरून परत येतात, आणि त्यांनाच जैव-भू-रासायनिक चक्रे म्हणतात. त्यांतही भेद आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जीवाणू त्याचे स्थिरीकरण करतात, म्हणजे तो सजीवांना वापरता येईल अशा संयुगांत बदलतात, आणि त्याच्या उलट क्रियेने, म्हणजे विनायट्रीकरणाने, तो पुन्हा हवेत जातो. फॉस्फरसला असा हवेतला मुक्काम जवळजवळ नाही. जलाशयात आलेला फॉस्फरस बराचसा गाळात बसतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात मिसळू शकतो. बाहेरून येणारे सांडपाणी थांबवल्यावरही जलाशय लगेच का सुधारत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

आता सुपोषण, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्यांचा अतिरेक होणे, ही संज्ञा घ्यावी, कारण वरचे सगळे तिच्यात एकत्र येते. शहरांतील प्रक्रिया न झालेले किंवा अर्धवट प्रक्रिया झालेले सांडपाणी ठरावीक नाल्यांतून आणि नळांतून नदीत येते; हा बिंदू स्रोत. उसाच्या शेतांतून खतांचे अंश पावसाबरोबर सर्व बाजूंनी येतात. हा विखुरलेला स्रोत, आणि त्याला आवर घालणे कितीतरी अवघड असते. दोन्हींमधून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाल्यावर शैवाल आणि मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी बेसुमार वाढतात. त्या मेल्यावर जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. मासे मरतात ते बहुधा या ऑक्सिजनच्या टंचाईने, खतांच्या विषाने नव्हे. परीक्षेत कारणांची ही साखळी एकही कडी न गाळता लिहावी.

विरघळलेला ऑक्सिजन आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, यांची गल्लत फार होते. पहिला या क्षणी पाण्यात असलेला साठा आहे. दुसरी म्हणजे सेंद्रिय पदार्थ कुजवताना जीवाणू ठरावीक काळात किती ऑक्सिजन वापरतील, याचे माप; म्हणून तिच्याबरोबर दिवस आणि तापमान सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. जगभर पाच दिवस व २० अंश सेल्सिअस ही जुनी रीत आहे, तर भारतात तीन दिवस व २७ अंश ही रीत प्रमाण मानली आहे. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे बीओडी लीटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारणपणे १५० ते ३०० च्या घरात असते, यावरून किती विरळीकरण किंवा किती शुद्धीकरण लागेल याचा अंदाज करावा. आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच ठसवलेली असते: शैवालाने भरलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटेपूर्वी तो सर्वांत कमी होतो. दुपारी एकच नमुना घेऊन पाणी चांगले ठरवणे ही गंभीर चूक आहे. त्यात उन्हाळ्याची भर पडते. २० अंशांना गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात.

विषारी द्रव्यांविषयीच्या दोन संज्ञा अशाच जोडीने शिकाव्यात. एकाच सजीवाच्या शरीरात आयुष्यभर द्रव्य साचत जाणे हा जैवसंचय, तर पोषण पातळी चढत जाताना त्याची तीव्रता वाढत जाणे हे जैविक विशालन. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिलमर्क्युरी हे पाऱ्याचे विषारी संयुग मासे-शिंपल्यांतून माणसांपर्यंत पोहोचले आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. ते विशालनाचे योग्य उदाहरण आहे. भारतातील गिधाडांचे उदाहरण मात्र येथे देऊ नये, जरी ते अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून थेट गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते. ते द्रव्य पातळीगणिक वाढत जात नाही. २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली, ती या थेट विषबाधेमुळे.

जैवविविधतेच्या संज्ञांना फार वेळ लागत नाही, फक्त देशी (मूळची त्या भागातील), प्रदेशनिष्ठ (केवळ त्याच भागात आढळणारी) आणि आक्रमक (बाहेरून येऊन स्थानिक जातींची जागा घेणारी) हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. पश्चिम घाटाला जैवविविधतेचे संवेदनक्षेत्र (हॉटस्पॉट) म्हणतात ते केवळ तेथे दाट जंगल आहे म्हणून नव्हे. या दर्जासाठी किमान १,५०० प्रदेशनिष्ठ संवहनी वनस्पती (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या वनस्पती) असणे आणि मूळ वनस्पती-आच्छादनाचा किमान ७० टक्के भाग गमावलेला असणे, अशा दोन्ही अटी आहेत. भिगवणच्या मच्छीबाजारात दिसणारी चिलापी ही मूळची आफ्रिकेतील आहे. ती मच्छीमारांना उत्पन्न देते आणि स्थानिक माशांची जागाही व्यापते. दोन्ही वाक्ये एकाच उत्तरात यायला हवीत.

सरावासाठी ‘जलाशयात हजारो मासे मृत’ अशी एखादी बातमी कापून वहीत चिकटवावी आणि तिच्याखाली, त्या बातमीत नसलेली, पण निष्कर्षासाठी लागणारी माहिती लिहावी: नमुना किती वाजता घेतला, पाण्याचे तापमान किती होते, विरघळलेला ऑक्सिजन पृष्ठभागाचा मोजला की तळाचा, बीओडी किती दिवसांची, त्या आठवड्यात साठा किती आणि विसर्ग किती होता, वरच्या बाजूला कोणता बिंदू स्रोत आहे, आणि मेलेले मासे एकाच जातीचे होते की अनेक. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार उपयोगी असते. सगळ्या जातींचे मासे पहाटे एकदम मेले असतील, तर आधी ऑक्सिजनचा संशय घ्यावा. एकाच जातीचे मासे अनेक दिवस मरत राहिले, तर रोगाचा शोध घ्यावा.