निर्वाचक मंडळाचे गुणदोष कसे जोखावेत: खानदेशच्या आमदारांचा हिशेब धरून

राष्ट्रपतींची निवड जनतेने थेट न करता निर्वाचक मंडळाने, म्हणजे निवडून आलेल्या खासदार-आमदारांनी, का करावी, या प्रश्नावर वक्तृत्व स्पर्धेत आणि स्पर्धा परीक्षेत बहुतेक जण पाठ केलेली यादी उतरवतात. त्याऐवजी आधी मतांचा हिशेब मांडावा, कारण बरेचसे गुणदोष त्या आकड्यांतूनच दिसू लागतात.

सुरुवात आमदाराच्या मतमूल्यापासून करावी. राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येने भागावे, आलेल्या उत्तराला १,००० ने भागावे आणि बाकी ५०० किंवा अधिक राहिल्यास एक मिळवावा. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५,०४,१२,२३५ होती व आमदार २८८ आहेत, म्हणून एका आमदाराचे मतमूल्य १७५ येते. जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ मिळून खानदेशच्या २० आमदारांचे वजन ३,५०० भरते. सर्व आमदारांच्या एकूण मूल्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराचे मूल्य मिळते; २०२२ मध्ये ते ७०० होते. म्हणजे खानदेशचे सगळे आमदार मिळून पाच खासदारांच्या बरोबरीचे ठरतात.

आता गुण पाहावा. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७ असले, तरी दोन्ही राज्यांना हजार लोकांमागे साधारण एकच मत मिळते, आणि सर्व राज्ये मिळून व संसद यांचे पारडे जवळजवळ समान राहते. दोषही याच सूत्रात आहे. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ चा आकडा गोठवला गेला आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू रास्त होता. तरीही अर्ध्या शतकापूर्वीच्या लोकसंख्येवर आजचे वजन ठरवणे मला पटत नाही.

पक्षशिस्तीचा मुद्दा २००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीच्या उदाहरणाने तपासावा. बोदवड तालुक्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील यांना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, तर भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. शेखावतांच्या मागे उभ्या असलेल्या आघाडीत असूनही शिवसेनेने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. राष्ट्रपती निवडणुकीत व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यावे याचा पक्षादेश, चालत नाही आणि मतदान गुप्त असते, त्यामुळे प्रतिनिधी पक्षापलीकडे जाऊ शकतो. मात्र आपल्या आमदाराने कोणाला मत दिले हे भुसावळच्या किंवा शहाद्याच्या मतदाराला कळत नाही.

अमेरिकेचा मुद्दा आल्यास तो वेगळा मांडावा. तेथे अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी जिंकायला २७० लागतात, लहान राज्यालाही किमान तीन मिळतात आणि ४८ राज्यांत जिंकणाऱ्यालाच सगळे निर्वाचक मिळतात. माझ्या मते लहान राज्यांच्या झुकत्या मापापेक्षा हा शेवटचा नियमच अधिक घातक आहे, कारण त्यामुळे प्रचार मोजक्या अटीतटीच्या राज्यांत एकवटतो. २००० व २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. फेरमोजणी एका राज्यापुरती राहते हा फायदा खरा, पण २००० मध्ये फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांवर सारा निकाल लटकला होता.

शेवटी पदाचे अधिकार तपासावेत. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. थेट निवडून आले, तर पंतप्रधानांशी स्पर्धा करणारे दुसरे सत्ताकेंद्र उभे राहील, हा संविधान सभेतील युक्तिवाद आजही भक्कम आहे. तो अमेरिकेला मात्र लावू नये, कारण तेथील अध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो.