घरात शेवटचं आजारपण आणि टीव्हीवर निधनाची बातमी

मी अमळनेर भागात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या. थाळनेर त्यांचं आजोळ, म्हणून खान्देशात हळहळ जास्तच. अशी बातमी आली, तर ती रुग्णापासून लपवू नका, पण टीव्ही दिवसभर लावून ठेवू नका. "आता माझा नंबर का?" असं आजारी माय विचारेल. विषय बदलू नका. हात धरून बसा, तिला बोलू द्या.

ओठ सुकले की ओला कापूस फिरवा. गिळता येत नसेल तर चमच्याने पाणी अजिबात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

व्हेंटिलेटर नको असेल तर तिची इच्छा शुद्धीत असतानाच लिहून घ्या. दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. २०२३ पासून एवढं पुरतं.