ऑनलाइन मागवलेली वस्तू परत पाठवताय? खोका बांधताना आणि लेबल लावताना या चुका टाळा

रिटर्न रिजेक्ट झालं की आपण आधी कंपनीला शिव्या घालतो, कधीकधी त्या रास्तही असतात, पण बऱ्याच भानगडी आपल्याच घरी खोका बंद करताना सुरू झालेल्या असतात. गोदामात जो तुमचं पार्सल उघडतो त्याने तुमचं कस्टमर केअरशी झालेलं चॅट वाचलेलं नसतं, त्याच्या एका हातात स्कॅनर आणि समोर वस्तू, संपलं. म्हणजे जे काय सांगायचंय ते पार्सलनेच सांगितलं पाहिजे.

सगळ्यात कॉमन चूक जुन्या लेबलची. ज्या खोक्यातून वस्तू आली त्याच खोक्यातून परत पाठवायला काहीच हरकत नाही, उलट बरंच, पण त्यावर तुमच्या नावाचं आलेलं लेबल तसंच ठेवून बाजूला नवीन चिकटवलं तर मशीन कुठला बारकोड आधी वाचेल याचा नेम नाही. जुना वाचला की पार्सल फिरून परत तुमच्याच दारात, नाहीतर कुठल्यातरी हबला पडून. लेबल सोलून काढा, निघत नसेल तर जाड काळ्या मार्करने बारकोड पूर्ण खोडा किंवा वर कागद चिकटवा. नुसती एक फुली मारून भागत नाही, बाकीच्या रेघा दिसत असतील तर स्कॅनर तेवढ्यावरूनही वाचू शकतो.

दुसरी गोष्ट प्रिंटची. घरी प्रिंटर नसतो, मग लेबलचा स्क्रीनशॉट काढून झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करतात, तो फोटो दाबून लहान होतो आणि बारकोडच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, वर झेरॉक्सवाला कागद वाचवायला एका पानावर दोन छापतो. पीडीएफ आलेली असेल तर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून नको, आणि त्याला सांगा की साईज कमी करू नको, लेझरवर काढ. इंकजेटची शाई एका ओल्या बोटाने पसरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडं बोट मिळणं कठीण. काही कंपन्या पिकअपवाल्याकडेच लेबल देतात, तेव्हा प्रिंट काढायची गरजच नसते, ॲपमध्ये नीट वाचा आधी.

पावसाचं निघालंच आहे तर टेपबद्दल. जुलैत खोका बाल्कनीत किंवा जमिनीवर ठेवला की पुठ्ठा दमट होतो, त्यावर टेप लावताना चिकटल्यासारखी वाटते आणि थोड्या वेळाने कडेकडेने सुटायला लागते, नखाने उचलून बघा, टेपला पुठ्ठ्याचा पापुद्रा चिकटून येईल. पुठ्ठा आधी पंख्याखाली कोरडा करा, मग दोन इंची ब्राऊन टेप मधल्या फटीवरून आणि दोन्ही टोकांच्या कडांवरूनही, खाली आणि वर दोन्हीकडे. आत वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत. लेबल पारदर्शक पाऊचमध्ये घालून सपाट बाजूला लावा, कोपऱ्यावरून दुमडू नका, आणि थेट बारकोडवरून चकचकीत टेप ओढू नका, स्कॅनरचा उजेड परत फिरतो. थर्मल लेबल असेल तर गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, उष्णतेनेच छापलेलं असतं ते, उष्णतेनेच काळं पडतं.

खोक्याबद्दल खास गोव्यातलं सांगतो. आपल्याकडे रिकामा मजबूत खोका म्हटला की वाईन शॉपमधूनच येतो, घर बदलायला ठीक आहे, पण बाहेरून व्हिस्कीचं नाव छापलेल्या खोक्यातून चपला पाठवल्या तर काउंटरवर प्रश्न होणारच, गोव्याबाहेर दारू न्यायला परमिट लागतं हे कुरियरवाल्यालाही माहीत असतं. तोच खोका वापरायचा असेल तर उलटा करून, छापील बाजू आत घेऊन बांधा. मासळीचा थर्माकोलचा डबा मात्र कितीही धुतला तरी नको हो.

आणि ब्रँडचा खोका म्हणजे शिपिंगचा खोका नव्हे. बुटांच्या डब्यावर थेट टेप आणि लेबल लावलं की तो डबा परत विकता येत नाही, आणि बरेच विक्रेते 'ओरिजिनल पॅकेजिंग खराब' म्हणून रिफंड अडवतात. टॅग, मॅन्युअल, फुकट आलेलं गिफ्ट, सगळं आत. खोका फार मोठाही नको, स्वतः कुरियर करणार असाल तर बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन जास्त आलं तर त्याचेच पैसे घेतात: ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, आत अर्ध्या किलोचा टी-शर्ट असला तरी.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घरात एकदम चार ऑर्डरी येतात, लायटींच्या माळा, ड्रेस, मिक्सर, आणि मग दोन रिटर्न एकाच खोक्यात घालायचा मोह होतो. नका घालू. प्रत्येक रिटर्नचा आयडी वेगळा, गोदामात एकच लेबल स्कॅन होतं, दुसरी वस्तू सिस्टिमसाठी आलेलीच नसते आणि मग ती सिद्ध करत बसा.

मोबाईल पाठवताना गुगल अकाउंट काढून मगच रीसेट, आयफोन असेल तर फाइंड माय बंद, नाहीतर तिथे तो लॉकच राहतो. *#०६# दाबून आयएमईआय नंबरचा, म्हणजे त्या फोनच्या ओळख क्रमांकाचा, फोटो घ्या. फुगलेल्या बॅटरीचा फोन किंवा पॉवर बँक गपचूप पाठवू नका, खराब लिथियम बॅटरी विमानाने न्यायला बंदी आहे, कस्टमर केअरला आधी सांगा.

पत्ता. 'खुरीसाकडे (क्रूसाकडे), सरपंचाच्या घरामागे' हे गावच्या पोस्टमनला कळतं, ॲपला नाही. घर नंबर, वाडा, गाव, तालुका आणि पिन, सगळं लिहा. शिरोडा गोव्यात फोंडा तालुक्यात आहे आणि महाराष्ट्रात वेंगुर्ल्यातही, आपला पिन ४०३ ने सुरू होतो आणि तिकडचा ४१६ ने, एवढ्यावर पार्सल राज्य बदलतं. सत्तरी-सांगेकडे घरात रेंज नसेल तर ज्याला रेंज असते त्याचा नंबर द्या, कारण फोन लागला नाही की पिकअपवाला 'कस्टमर नॉट अव्हेलेबल' टाकून मोकळा, आणि इकडे रिटर्नची मुदत धावतच असते.

पिकअपच येत नसेल आणि स्वतः पाठवायला सांगितलं असेल तर स्पीड पोस्ट बरं, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय. पावतीवरचा नंबर, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन, त्याचा लगेच फोटो काढा, पावतीची शाई उडते.

खोका बंद करायच्या आधी एक सलग व्हिडिओ घ्या: वस्तू, सिरियल नंबर, आत ठेवणं, टेप, लेबल. पिकअपवाल्याने स्कॅन केल्याशिवाय आणि पिकअपचा मेसेज आल्याशिवाय खोका हातातून सोडू नका, तो घाईत असतो, असू दे.

एवढं करूनही रिफंड अडला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. नाहीच जमलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन, पुढे जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. फक्त कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या, रिफंडसाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागणारा ठगच असतो, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.